ईपीएस-९५ पेन्शन: पात्रता तपासण्यापासून फेटाळलेल्या अर्जावर दाद मागण्यापर्यंत

साखर कारखाना, सूतगिरणी, विडी कारखाना, एमआयडीसीतली कंपनी, एसटी, खासगी दवाखाना. पगारातून पीएफ कापला जातो अशा बहुतेक ठिकाणच्या कामगाराची पेन्शन एकाच योजनेतून येते. तिचं नाव कर्मचारी पेन्शन योजना १९९५. ती १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. कागदोपत्री ती ईपीएस-९५, बोलण्यात 'फंडाची पेन्शन'.

या पेन्शनचे अर्ज पात्रता नसल्यामुळे अडतात त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा नोंदी चुकल्यामुळे अडतात. आधारवर 'दत्तात्रय' आणि फंडाच्या नोंदीत 'दत्ता', जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख न टाकणं, तीन नोकऱ्यांचे तीन खाते क्रमांक वेगवेगळे पडून राहणं, अशी कारणं असतात. म्हणून या लेखात अर्ज भरण्यापेक्षा अर्जाच्या आधीच्या तयारीला आणि अर्ज फेटाळल्यानंतरच्या मार्गांना जास्त जागा दिली आहे.

१. तुम्ही नक्की कशाला पात्र आहात ते ठरवा

पेन्शनसाठी कामगाराच्या पगारातून एक पैसाही जात नाही. मालक जे १२ टक्के भरतो त्यातले ८.३३ टक्के पेन्शन खात्यात जातात आणि उरलेले ३.६७ टक्के पीएफमध्ये. केंद्र सरकार १.१६ टक्के घालतं. ही टक्केवारी मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून येणाऱ्या रकमेवर काढतात आणि तिला १५,००० रुपयांची मर्यादा आहे. त्यामुळे पगार कितीही मोठा असला तरी पासबुकात पेन्शनच्या रकान्यात साधारणपणे महिन्याला १,२५० रुपयेच दिसतात. १ सप्टेंबर २०१४ पूर्वी मर्यादा ६,५०० होती, तेव्हा हाच आकडा ५४१ असायचा. पासबुकात हे आकडे दिसले तर पेन्शनचा हप्ता भरला जातोय एवढं नक्की समजा.

पात्रतेचे प्रकार असे:

- पूर्ण पेन्शन: किमान १० वर्षं सेवा आणि वय ५८ पूर्ण.
- लवकरची पेन्शन: १० वर्षं सेवा, वय ५० ते ५८ च्या दरम्यान आणि नोकरी सुटलेली. ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांचे दर वर्षी ४ टक्के कापले जातात आणि ही कपात कायमची असते. ५३ व्या वर्षी सुरू केली तर २० टक्के कमी.
- उशिराची पेन्शन: ५८ ऐवजी ६० पर्यंत थांबलात तर दर वर्षामागे ४ टक्के वाढ.
- अपंगत्व पेन्शन: नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर. इथे १० वर्षांची अट नाही, एक महिन्याचा हप्ता भरलेला असला तरी चालतं. वैद्यकीय मंडळाची तपासणी होते.
- कुटुंब पेन्शन: कामगार नोकरीत असताना वारला तर इथेही एका महिन्याचा हप्ता पुरतो. याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण सर्वात जास्त हक्क इथेच बुडतात.

१ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेल्या आणि रुजू होतानाच मूळ पगार अधिक महागाई भत्ता १५,००० च्या वर असलेल्या माणसाला ही पेन्शन लागू नाही. त्याचे पूर्ण १२ टक्के पीएफमध्ये जायला हवेत. काही कंपन्या अशांचेही ८.३३ टक्के पेन्शनमध्ये टाकत राहतात. निवृत्तीच्या वेळी अर्ज केला की पीएफ ऑफिस 'सदस्यत्व चुकीचं' म्हणून तो परत पाठवतं. अशी रक्कम पेन्शन खात्यातून पीएफ खात्यात वळवता येते, पण ते कंपनीमार्फत होतं. नोकरीत असतानाच करून घेतलं तर आठवड्यांचं काम, नंतर केलं तर महिन्यांचं. ५८ नंतरही नोकरी चालू असेल तरी तसंच होतं: पेन्शनचा हप्ता ५८ ला थांबायला हवा. पगारपत्रकात तो तसाच कापत राहिला तर अर्ज अडतो.

२. सेवेची वर्षं स्वतः मोजा

पीएफच्या सदस्य संकेतस्थळावर यूएएन (सगळ्या नोकऱ्यांसाठी एकच असलेला तुमचा पीएफ क्रमांक) टाकून 'सर्व्हिस हिस्टरी' उघडा आणि प्रत्येक नोकरीची सुरुवात आणि शेवट कागदावर उतरवा. मोजताना या गोष्टी लक्षात ठेवा:

सहा महिने किंवा त्याहून जास्त झालेलं अपुरं वर्ष पूर्ण धरतात, कमी असेल तर सोडून देतात. म्हणजे ९ वर्षं ६ महिने झाले तर १० धरली जातात. ९ वर्षं ५ महिन्यांवर राजीनामा देणाऱ्याने एक महिना थांबावं, त्या एका महिन्यावर आयुष्यभराची पेन्शन अवलंबून आहे.

विनावेतन रजा, गैरहजेरी आणि ले-ऑफचे दिवस 'एनसीपी दिवस' म्हणून नोंदवलेले असतात, म्हणजे ज्या दिवसांचा हप्ता भरलाच नाही ते दिवस. ते सेवेतून वजा होतात. कागदावर ११ वर्षं असलेला माणूस एनसीपी वजा जाता ९ वर्षं ४ महिन्यांवर येऊ शकतो. कंपनीने भरलेला एनसीपीचा आकडा तुमच्या हजेरीशी जुळतो का ते पाहा. पूर्ण पगार दिलेल्या महिन्यातही एनसीपी दाखवलेले सापडतात. ते पगारपत्रकाच्या आधारे दुरुस्त होऊ शकतात.

साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांसाठी यात वेगळा नियम आहे आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. हंगामी नोकरीत वर्षात प्रत्यक्ष काम चार-पाच महिनेच झालं असलं तरी पात्रतेसाठी ते पूर्ण वर्ष धरायचं, असं योजनेतच लिहिलं आहे. दहा हंगाम झालेल्या माणसाला 'तुमचे चारच वर्षं भरतात' असं सांगितलं गेलं तर ते मान्य करू नका. त्याचं पद नोंदीत हंगामी म्हणून आहे का ते कारखान्याकडून लेखी घ्या आणि अर्जाला जोडा.

आता सर्वात महागात पडणारी चूक. नोकरी बदलताना फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसे काढले की त्या नोकरीची सेवा पुसली जाते. समजा पहिल्या ठिकाणी ६ वर्षं आणि दुसऱ्या ठिकाणी ५ वर्षं झाली. पहिल्या वेळी पैसे काढले नसते तर ११ वर्षं भरली असती आणि १५,००० च्या मर्यादेवर महिन्याला सुमारे २,३५७ रुपये जन्मभर मिळाले असते. काढले, म्हणून हातात ५ वर्षं आणि पेन्शन शून्य. सायबर कॅफेत 'फंड काढून द्या' म्हटलं की पीएफसाठीचा फॉर्म १९ आणि सोबत १०-सी असे दोन्ही भरून टाकतात. तिथे बसूनच सांगा: १९ भरा, १०-सी नको.

नोकरी सोडली आणि पुन्हा कधी पीएफची नोकरी मिळेल माहीत नसेल, तर १०-सीमध्ये पैशांऐवजी 'स्कीम सर्टिफिकेट' मागा. त्यात झालेली सेवा जपून राहते, पुढच्या नोकरीत ती जोडता येते, आणि ५८ च्या आत सदस्य वारला तर कुटुंबाला पेन्शन मागता येते. मूळ प्रत लॅमिनेट न करता जपा, शेवटच्या अर्जासोबत ती द्यावी लागते.

३. रक्कम स्वतः काढून पाहा

सूत्र सोपं आहे: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पेन्शनयोग्य पगार म्हणजे नोकरी सोडण्याआधीच्या ६० महिन्यांची सरासरी, मर्यादेच्या आत. पण ज्यांची सेवा सप्टेंबर २०१४ च्या अलीकडे आणि पलीकडे अशी दोन्हीकडे आहे त्यांचे दोन तुकडे वेगळे मोजतात, आधीच्या तुकड्याला ६,५०० ची मर्यादा आणि नंतरच्याला १५,००० ची.

उदाहरण: १ सप्टेंबर २००५ ते ३१ ऑगस्ट २०२३, पगार कायम मर्यादेच्या वर, निवृत्ती ५८ व्या वर्षी.

- पहिली ९ वर्षं: ६,५०० × ९ ÷ ७० = ८३५.७१
- नंतरची ९ वर्षं: १५,००० × ९ ÷ ७० = १,९२८.५७
- एकूण सुमारे २,७६४ रुपये महिना.

अनेक जण सगळी १८ वर्षं १५,००० वर मोजून ३,८५७ येतात असं धरतात आणि कमी पेन्शन आली म्हणून तक्रार करतात. ती तक्रार टिकत नाही. ही विभागून मोजण्याची पद्धत योजनेतच आहे. २० वर्षं किंवा जास्त सेवा झाली तर सेवेत २ वर्षं वाढवून मिळतात. ही वाढ दिली नसेल तर मात्र तक्रार जरूर करा. १६ नोव्हेंबर १९९५ च्या आधीपासून, म्हणजे १९७१ च्या कुटुंब पेन्शन योजनेपासून सदस्य असलेल्यांना आधीच्या सेवेची वेगळी रक्कम मिळते. ती सूत्रात बसत नाही, तक्त्यावरून काढतात.

किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. ती वाढवावी ही मागणी बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत वर्षानुवर्षं चालू आहे आणि ती रास्त आहे. पण तुमचा अर्ज आजच्या नियमांवरच तपासला जाणार, म्हणून वाढ होईल या आशेवर अर्ज लांबवू नका. पूर्ण पगारावरच्या जादा पेन्शनचा पर्यायही आता नव्याने देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर उघडलेली मुदत ११ जुलै २०२३ ला संपली.

४. नोंदी दुरुस्त करा, अर्ज नंतर

निवृत्तीच्या निदान वर्षभर आधी हे काम हाती घ्या. कंपनीतला पगारविभागाचा माणूस तोवर ओळखीचा असतो, सही मिळते.

नाव, जन्मतारीख, वडिलांचं किंवा पतीचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख हे सगळं आधार, पॅन, बँक पासबुक आणि पीएफ नोंद या चारही ठिकाणी ताडून पाहा. मराठी नावांचा घोळ ठरलेला असतो: मधलं नाव कधी वडिलांचं, लग्नानंतर पतीचं, आडनाव आधी की नंतर, 'बाई', 'राव', 'ताई' जोडलेलं की नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी तयार ठेवावी.

दुरुस्ती 'जॉइंट डिक्लरेशन' या अर्जाने होते. जानेवारी २०२५ पासून, ज्यांचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारशी पडताळलेला आहे, त्यांना बहुतेक दुरुस्त्या स्वतः ऑनलाइन करता येतात. त्याआधीचा यूएएन असेल तर मालकाची मान्यता लागते. जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार पुरेसं नाही, जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. शाळा गावाकडची आणि जुनी असेल तर दाखल्याची दुसरी प्रत आताच मागून ठेवा, मुख्याध्यापकांना जुने रजिस्टर शोधायला वेळ लागतो.

सोडल्याची तारीख न टाकलेली जुनी नोकरी असेल तर शेवटचा हप्ता भरून दोन महिने झाल्यावर ती तारीख सदस्यालाच ऑनलाइन टाकता येते. महिना पासबुकातल्या शेवटच्या हप्त्याचाच टाका. चुकून पुढचा टाकला आणि तो पुढच्या नोकरीत शिरला, तर 'एकाच वेळी दोन नोकऱ्या' म्हणून सगळी सेवा अडकते.

सगळे जुने खाते क्रमांक चालू यूएएनखाली आणून पीएफ ट्रान्सफर करून घ्या. पीएफ सोबत पेन्शनची सेवाही पुढे जाते. आधीची कंपनी स्वतःचा पीएफ ट्रस्ट चालवणारी, म्हणजे कामगारांचा पीएफ स्वतःच सांभाळणारी असेल तर तिच्याकडून 'ॲनेक्शर के' हे सेवेचं पत्र पीएफ ऑफिसला गेलं की नाही ते विचारा. हे पत्र न आल्यामुळे दहा-पंधरा वर्षांची सेवा शून्य दिसते आणि कामगाराला कारणही कळत नाही.

५. कागदपत्रांची थैली

- आधार, त्याला जोडलेला चालू मोबाइल नंबर, पॅन
- बँक पासबुक, आयएफएससी कोडसह. विलीन झालेल्या बँकेचा जुना कोड असेल तर आधी बदलून घ्या
- पती-पत्नीच्या एकत्रित फोटोच्या ३ प्रती
- २५ वर्षांखालच्या मुलांचे जन्मदाखले
- असेल तर मूळ स्कीम सर्टिफिकेट
- नेमणूक पत्र, पगारपत्रकं, राजीनामा किंवा कार्यमुक्तीचं पत्र
- २०१२ च्या आधीच्या सेवेसाठी वार्षिक फॉर्म ३-ए किंवा जुन्या पीएफ पावत्या

शेवटच्या ओळीवर थोडं थांबा. कंपन्यांकडून दर महिन्याची नोंद ऑनलाइन यायला लागली ती २०१२ पासून. यूएएन तर ऑक्टोबर २०१४ मध्ये आला. त्याआधीचं सगळं कागदावर होतं आणि बंद पडलेल्या गिरण्या-कारखान्यांचे ते कागद आज सापडतीलच असं नाही. म्हणून घरातल्या पत्र्याच्या पेटीतली एखादी पिवळी पडलेली पावती, ज्यावर खाते क्रमांक आहे, ती फार मोलाची. फेकू नका.

६. फॉर्म १०-डी भरताना

पेन्शनचा अर्ज म्हणजे फॉर्म १०-डी. त्याला काहीही शुल्क नाही. ऑनलाइन भरायचा तर यूएएन चालू, आधार-पॅन-बँक पडताळलेलं आणि कुटुंबाची माहिती (ई-नॉमिनेशन) भरलेली असावी लागते. कागदी अर्ज शेवटच्या मालकाच्या सहीशिक्क्याने क्षेत्रीय कार्यालयात जातो.

तुमचं क्षेत्रीय कार्यालय कोणतं हे राहण्याच्या गावावरून ठरत नाही, कंपनीच्या कोडवरून ठरतं. खाते क्रमांकाची पहिली अक्षरं पाहा: पीयूपीयूएन म्हणजे पुणे, एनजीएनएजी म्हणजे नागपूर. पुण्याच्या कंपनीतून निवृत्त होऊन अकोल्याला राहायला गेलेल्याचा अर्ज पुण्यालाच जातो.

फॉर्ममध्ये चुकणाऱ्या जागा: पेन्शनचा प्रकार (५८ झालेले लोक चुकून 'लवकरची' निवडतात आणि मग दुरुस्तीची खटपट), लवकरच्या पेन्शनमध्ये सुरुवातीची तारीख, आणि कुटुंबाचा रकाना. या रकान्यात पत्नीचं नाव राहिलं तर पतीच्या पश्चात तिला नव्याने सगळं सिद्ध करावं लागतं.

५८ नंतर अर्जाला उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. पेन्शन ५८ पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरली जाते आणि मागची थकबाकी मिळते. लवकरच्या पेन्शनला हे लागू नाही, तिथे तुम्ही निवडलेल्या तारखेपासूनच मिळते.

कागदपत्रं पूर्ण असतील तर २० दिवसांत निकाल लागायला हवा. अर्ज हातोहात दिला असेल तर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

७. मालक सही देत नाही किंवा कारखानाच बंद आहे

कारखाना बंद असेल किंवा मालक टाळत असेल तर अर्जावर राजपत्रित अधिकारी, दंडाधिकारी, पोस्टमास्तर, तुमचं खातं असलेल्या बँकेचा व्यवस्थापक, आमदार किंवा खासदार यांची साक्षांकन सही चालते. बँक व्यवस्थापकाची सही मिळणं सर्वात सोपं, कारण तो तुमचं केवायसी ओळखतो. सोबत एका साध्या कागदावर कारण लिहा: कारखाना अमुक तारखेपासून बंद, किंवा मालकाला अमुक तारखेला पत्र दिलं, उत्तर नाही. त्या पत्राची रजिस्टर पोस्टाची पावती जोडा.

पगारातून पीएफ कापला पण भरलाच नाही, असं पासबुकात दिसलं तर प्रश्न वेगळा आहे. पगारपत्रकांच्या प्रती जोडून क्षेत्रीय कार्यालयाकडे 'थकीत रकमेची चौकशी करून वसुली करावी' अशी लेखी मागणी करा. वसूल करणं हे पीएफ कार्यालयाचं काम आहे. अनेक जण मिळून एक अर्ज दिला तर चौकशी लवकर लागते, म्हणून जुन्या सहकाऱ्यांना गाठा.

८. कामगार वारला तर: पत्नी, मुलं, आईवडील

नोकरीत असताना मृत्यू झाला तर कुटुंबाने तीन वेगळे दावे करायचे असतात. पीएफसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०-डी आणि विम्यासाठी फॉर्म ५-आयएफ. विम्याची रक्कम ७ लाख रुपयांपर्यंत असू शकते. पीएफचे पैसे मिळाले की काम संपलं असं समजून बाकीचे दोन दावे राहून जातात. विशेषतः नोकरीला लागून वर्षही न झालेल्या तरुणाच्या घरी 'दहा वर्षं झाली नव्हती, पेन्शन नाही' असं कोणीतरी सांगतं आणि विधवा घरी बसते. ते चूक आहे. नोकरीतल्या मृत्यूला दहा वर्षांची अट नाही.

रक्कम: विधवेला किंवा विधुराला महिना किमान १,००० रुपये. पेन्शनवर असलेला सदस्य वारला तर त्याच्या पेन्शनच्या निम्मी, पण किमान १,००० च. याशिवाय एका वेळी दोन मुलांना, वयाच्या २५ वर्षांपर्यंत, विधवा पेन्शनच्या २५ टक्के प्रत्येकी, किमान २५०. मोठ्याचं वय उलटलं की तिसऱ्याचा नंबर लागतो, तेव्हा त्याचा अर्ज द्यायला विसरू नका. मुलांचे आईवडील दोघेही नसतील तर ७५ टक्के, किमान ७५०, हीच अनाथ पेन्शन. कायम अपंग मुलाला वयाची मर्यादा नाही. विधवेने पुनर्विवाह केला तर तिची पेन्शन थांबते आणि मुलांना अनाथ पेन्शनच्या दराने मिळू लागते, मुलांचा हक्क जात नाही. पती-पत्नी आणि मुलं नसतील तर नामनिर्देशित व्यक्तीला, तेही नसेल तर अवलंबून असलेल्या वडिलांना आणि त्यांच्या पश्चात आईला.

इथे वरच्या कागदांशिवाय मृत्यूदाखला, विवाहाचा पुरावा आणि मुलांची वेगळी बँक खाती लागतात. मृत्यूदाखल्यावरचं नाव पीएफमधल्या नावाशी जुळतं का ते ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून दाखला घेतानाच पाहा. तेव्हा दुरुस्ती एका अर्जात होते.

९. अर्ज फेटाळला किंवा पेन्शन कमी आली तर

पहिलं काम: कारण लेखी मिळवा. खिडकीवर तोंडी सांगितलेलं कारण धरून धावपळ करू नका. ऑनलाइन अर्जाची स्थिती उघडली की कारण दिसतं, कागदी अर्ज त्रुटीपत्रासह परत येतो. एका वेळी एकच त्रुटी काढून अर्ज पुन्हा पुन्हा परत पाठवू नये, सगळ्या त्रुटी पहिल्याच वेळी कळवाव्यात, अशा सूचना क्षेत्रीय कार्यालयांना दिलेल्या आहेत. दुसऱ्यांदा नवी त्रुटी निघाली तर तक्रारीत हा मुद्दा जरूर लिहा.

कारण खरं असेल (फोटो अस्पष्ट, कोड चुकीचा, तारीख राहिली) तर भांडू नका, दुरुस्त करून अर्ज पुन्हा टाका. कारण चुकीचं असेल तर या क्रमाने वर जा:

अ) पीएफ संघटनेच्या तक्रार संकेतस्थळावर, ईपीएफआयजीएमएसवर, यूएएन किंवा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक टाकून तक्रार नोंदवा. मजकूर दहा ओळींच्या आत ठेवा. अर्जाचा क्रमांक, फेटाळल्याची तारीख, दिलेलं कारण, ते का चूक आहे आणि तुमची मागणी. पुरावा पीडीएफमध्ये जोडा. नोंदणी क्रमांक जपून ठेवा.

आ) दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात 'निधी आपके निकट' शिबिर भरतं, २७ ला सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. तिथे कागदांसह जा. अधिकारी समोर बसलेला असतो, जिल्ह्याच्या ठिकाणाहून क्षेत्रीय कार्यालयापर्यंतचा हेलपाटा वाचतो.

इ) सेवा किंवा रक्कम चुकीची मोजली आहे असं वाटत असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मागा: पेन्शन गणनेचं वर्कशीट, एनसीपी दिवसांचा वर्षवार तपशील, तुमच्या खात्याचे फॉर्म ३-ए, आणि अर्ज फेटाळतानाच्या टिपणीची प्रत. 'माझी पेन्शन कमी का आली?' असा प्रश्न विचारू नका. माहिती अधिकारात कागद मागायचे असतात, खुलासा नाही. उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. त्याच्या निर्णयानंतर ९० दिवसांत दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. पीएफ केंद्राचं खातं आहे, राज्य माहिती आयोगाकडे गेलात तर अपील परत येईल.

ई) तरी हललं नाही तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रार. तिथे 'निकाली काढली' असं अर्धवट उत्तर आलं तर ३० दिवसांत तिथेच अपील करता येतं. बरेच जण इथे हात टेकतात, पण अपील वेगळ्या, वरच्या अधिकाऱ्याकडे जातं, त्यामुळे करून पाहावंच.

उ) जिल्हा ग्राहक आयोग. पीएफ आणि पेन्शनचा सदस्य हा ग्राहक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ आणि २००८ च्या निकालांत म्हटलं आहे. तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, वकील सक्तीचा नाही, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे, ती आधीच्या तक्रारींच्या पत्रव्यवहारात संपवू नका. वरच्या पायऱ्यांच्या पोचपावत्या इथे पुरावा म्हणून कामी येतात.

ऊ) नियमाचा अर्थच पीएफ कार्यालय चुकीचा लावत असेल, उदाहरणार्थ हंगामी कामगारांची सेवा, तर उच्च न्यायालयात रिट याचिका. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यात पर्वरी, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गसाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच. एकट्याने जाण्यापेक्षा कामगार संघटनेमार्फत जा, खर्च वाटला जातो. परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे आणि अपंग अर्जदार उत्पन्न न पाहता त्याला पात्र असतात.

'साहेबांशी ओळख आहे, थकबाकीचे दहा टक्के द्या' म्हणणाऱ्यांना यूएएनचा पासवर्ड आणि ओटीपी कधीही देऊ नका. त्याच ओटीपीवर १०-सी भरला जातो आणि तुमची सेवा जाते.

१०. पेन्शन सुरू झाल्यावर

१२ आकडी क्रमांक असलेला पीपीओ आला की त्यातली सेवेची वर्षं, सरासरी पगार आणि कुटुंबाची नावं तपासा. चूक असेल तर ९ व्या पायरीवरून लगेच सुरुवात करा. १ जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत घेता येते, गाव बदललं म्हणून पीपीओ दुसऱ्या कार्यालयात हलवावा लागत नाही.

हयातीचा दाखला, म्हणजे जीवन प्रमाण, वर्षातून एकदा. नोव्हेंबरच असला पाहिजे असं नाही. ज्या तारखेला द्याल तिथून एक वर्ष तो चालतो. बँक, पोस्ट, सामायिक सेवा केंद्र किंवा मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. बोटांचे ठसे झिजलेल्या विडी कामगार आणि शेतमजूर बायांसाठी चेहऱ्याचा पर्याय वापरा, ठसा उमटत नाही म्हणून त्यांना परत पाठवलं जातं. दाखला राहिल्याने पेन्शन थांबली तरी दाखला दिल्यावर मधल्या महिन्यांसह ती पुन्हा सुरू होते. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमन घरी येऊन दाखला करून देतो, जवळच्या पोस्टात नाव नोंदवा.